इशाऱ्यावरचा घोट

भंगाराच्या यार्डात त्याला सगळे 'खालचा' म्हणायचे, कारण तो खाली उभा राहायचा. वर क्रेनच्या केबिनमध्ये बसायचा तो 'वरचा'. दोघांची खरी नावं पगाराच्या दिवशी तेवढी ऐकू यायची. तेव्हाही दोघं आधी इकडेतिकडे बघायचे आणि मग पुढे व्हायचे.

खालच्याचं काम सांगायला सोपं होतं, म्हणूनच त्याची कुणी किंमत केली नाही. क्रेनच्या टोकाला जाडजूड गोल चुंबक टांगलेलं असे. करंट सोडला की ते लोखंड धरायचं, तोडला की टाकायचं. वरच्याला केबिनमधून ढिगाऱ्यापलीकडचं धड दिसत नसे. दिसायचे ते खालच्याचे हात. मूठ मिटली की चुंबक चालू. बोट आभाळाकडे करून फिरवलं की उचल. बोट जमिनीकडे करून फिरवलं की उतरव. त्या बोटावर दुसरा तळहात आडवा धरला की हळू उतरव. हात आडवा केला की थांब, आणि मूठ उघडली की सोड.

"हात तर हलवायचेत!" लोक म्हणायचे. घरी बायकोही म्हणायची.

खालचा वाद घालत नसे. एवढंच सांगायचा, "एक हात खांद्याच्या वर धर. मी बूट घालून नाडी बांधेपर्यंत खाली आणू नकोस." कुणी धरला नाही. आणि तो बूट अगदी सावकाश घालायचा.

इशाऱ्याचा हात अर्धवट चालत नाही. कोपर जरा वाकलं की वरच्याला दुसराच अर्थ लागतो आणि मोटारीचं इंजिन भलतीकडे जातं. उन्हातान्हात, डोळ्यांत लोखंडाची धूळ जात असताना तो हात जिथल्या तिथे ठेवायला लागतो. संध्याकाळी घरी गेल्यावर शर्टाची वरची बटणं काढायला खालच्याला बायकोच लागायची.

दोघांचा एक नियम होता. इशारा नाही तर काम नाही. एकदा मालक स्वतः खाली उभा राहून ओरडला, "उतरव रे!" वरचा ढिम्म. मालक नाचला, शिव्या दिल्या, छत्री आपटली. चुंबक हवेत तसंच. मग खालच्याने बोट जमिनीकडे केलं आणि माल अलगद उतरला. मालकाने दोघांनाही घरी पाठवायची धमकी दिली. पण त्यांच्यासारखी दुसरी जोडी कुठून आणणार, म्हणून गप्प बसला.

एवढी वर्षं एकत्र काढून दोघं बोलले मात्र फारसे नाहीत. कामात एक वर, एक खाली, मध्ये कानठळ्या बसवणारा खणखणाट. जेवायला बसायचे शेजारी, पण तोंडं विरुद्ध दिशेला. दिवसभर एकमेकांकडे बघून डोळे आंबलेले असायचे.

निवृत्तीनंतर खालच्याचे हात घरात बसेनात. सून गॅसवरून भांडं उतरवायला लागली की हा दारात उभा राहून 'हळू उतरव' दाखवायचा. शेजाऱ्याची गाडी मागे येत होती, तेव्हा याने हात आडवा करून चोख 'थांब' दिलं. शेजाऱ्याला वाटलं, बाबा आपल्याला हात करताहेत. त्यानेही खिडकीतून हात केला आणि गाडी भिंतीत घातली.

"आता तुमचे हात कुणाच्या कामाचे नाहीत," बायको म्हणाली. "खिशात घाला आणि गप्प बसा."

खालच्याने घातले. पण पँटचे खिसे आतून फिरायला लागले.

अशात वरच्याच्या बायकोचा फोन आला.

वरच्याला स्ट्रोक येऊन महिना होत आला होता, हे खालच्याला ठाऊक होतं. हातपाय बऱ्यापैकी परत आले होते, बोलणं जड पण कळण्यासारखं होतं. गिळणं तेवढं गेलं होतं. पाण्याचा थेंब घशात गेला तरी चुकीच्या वाटेने छातीत उतरायचा. नाकातून नळी घातली होती, पोटात जायचं ते तिच्यातून.

"भावजी, तुम्ही या ना," वहिनी म्हणाली. "हे मशीन लावू देत नाहीत."

"कसलं मशीन?"

"चुंबकाचं आहे म्हणे. डोक्याला लावायचं. हे म्हणतात, खालच्याला बोलवा, त्याच्याशिवाय चुंबक चालू करायचं नाही. डॉक्टरांना वाटलं, हे आजारी डोक्याने बरळतायत. मी सांगितलं, नाही हो, चांगल्या डोक्यानेसुद्धा असंच म्हणायचे."

खालचा फोन ठेवून थेट चपलाच शोधायला लागला.

*

खोली लहान होती. मध्ये टेकून बसायची खुर्ची, बाजूला चाकांवरचं कपाट, त्यातून निघालेली जाड केबल आणि तिच्या टोकाला इंग्रजी आठाच्या आकड्यासारखं काळं चपटं वेटोळं. वरचा खुर्चीत बसला होता. नाकातली नळी गालावर चिकटपट्टीने चिकटवलेली. मशीन चालवणारी आणि गिळायचे व्यायाम घेणारी एकच होती. वॉर्डात सगळे तिला 'गिळण्याची बाई' म्हणायचे. तिने ते मनाला लावून घेणं केव्हाच सोडलं होतं.

"काका, मेंदूत घसा हलवणारी एक जागा असते," तिने खालच्याला समजावलं. "स्ट्रोकने तिला मार बसलाय. चुंबकाचे ठोके देऊन तिला जागं करायचं आणि लगेच गिळायचा सराव घ्यायचा. सगळ्यांनाच गुण येतो असं नाही. पण करून बघण्यासारखं आहे."

"हे उचलतं किती?" वरच्याने विचारलं.

"काही उचलत नाही हो."

"मग चुंबक कशाला म्हणता?"

"चुंबकच आहे, पण…"

"लाइट गेली तर काय पडेल?"

"काहीसुद्धा पडणार नाही!"

वरच्याने खालच्याकडे पाहिलं. उचलत नाही आणि पडत नाही, असल्या चुंबकावर दोघांचाही विश्वास बसला नाही.

"उभं कुठे राहू?" खालच्याने विचारलं.

"बाहेर बसलात तरी चालेल."

"बाहेरून त्याला दिसणार कसा?"

बाईने डॉक्टरांकडे पाहिलं. डॉक्टरांनी घड्याळाकडे पाहिलं आणि म्हणाले, "राहू द्या. पण अंगावरचं धातूचं सगळं काढा."

खालच्याने किल्ल्या काढल्या, घड्याळ काढलं, कमरेचा पट्टा काढला. पट्टा निघाला तशी पँट निघायला लागली. मग खुर्चीसमोर, भिंतीला पाठ लावून, एका हाताने पँट धरून त्याने दुसऱ्या हाताची मूठ खांद्यावर उचलली आणि मिटली. चुंबक चालू. वरच्याने मान हलवून बाईला परवानगी दिली.

टक्. टक्. टक्. वेटोळं डोक्यावर इंच इंच सरकत होतं. एकाएकी वरच्याचा अंगठा आपोआप ताडकन वर उडाला.

खालच्याने दचकून छताकडे पाहिलं. यार्डात अंगठा वर म्हणजे क्रेनचा दांडा वर.

"तू कशाला इशारा देतोस?" तो ओरडला.

"मी नाही दिला."

"मग कुणी दिला?"

"हिने."

"मशीनने दिला हो काका," बाई म्हणाली. "आधी हाताची जागा शोधतात. अंगठा उडाला की ठोका किती जोराचा लागतो ते कळतं. मग घशाच्या जागेवर जायचं."

"एका क्रेनवर इशारा एकानेच द्यायचा असतो," खालचा म्हणाला. "दोघांनी दिला की माणूस मरतो."

"हा अंगठा नुसता मोजायचा असतो काका. मानायचा नसतो."

खालच्याने थोडा विचार केला. "ठीक आहे. पण मी बघणार नाही त्याच्याकडे."

*

पुढे रोज तसंच. सुटीचा दिवस सोडला तर खालचा मशीनच्या वेळेला हजर. मूठ मिटायची, ठोके संपले की उघडायची. हात पहिल्यापासून शेवटपर्यंत वर. बाईने एकदा खुर्ची दिली, "तेवढा वेळ हात वर कशाला धरता? बसा ना." त्याने खुर्ची नको म्हटली. बसून केलेल्या इशाऱ्याला तो इशारा मानत नव्हता.

ठोके झाले की चमचा यायचा. दाट केलेलं पाणी, खळीसारखं. "हनुवटी छातीकडे. जोर लावून गिळा. आणि तोंडात असताना बोलायचं नाही, गिळल्यावरच बोलायचं," बाई दरवेळी बजावायची. वरचा जोर लावायचा. जोर लावण्यात त्याने कधी कसूर केली नव्हती. पण खोकल्याने डोळे पांढरे व्हायचे आणि वहिनी तोंड फिरवून पाठ चोळायला लागायची.

डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, नाकातली नळी फार काळ ठेवता येत नाही. एक्स-रेच्या पडद्यावर गिळणं तपासायचं. जमलं तर नळी काढू. नाही जमलं तर पोटाला छोटं भोक पाडून तिथून नळी.

"भोक नको," वरचा म्हणाला. "पिंपाला पाडतात."

तपासणी जवळ आली आणि एके दिवशी चमचा तोंडात गेला असताना वरच्याने सवयीने समोर पाहिलं. खालच्याचे हातही सवयीने हलले. बोट जमिनीकडे, वर आडवा तळहात. हळू उतरव.

वरच्याच्या घशाची घाटी वर चढली आणि खाली आली. खोकला नाही.

बाईने पटकन त्याच्या मानेला बोटं लावली. "गेलं?"

"गेलं," वरचा म्हणाला. आवाज कोरडा, स्वच्छ.

वहिनी रडायला लागली. बाईने दुसरा चमचा दिला. खालच्याने हात दाखवला, गेला. तिसरा, गेला. डॉक्टर आले. हे चुंबकाने झालं, व्यायामाने झालं, दिवस लोटले म्हणून झालं की काकांच्या हाताने, असं वहिनीने विचारलं. डॉक्टर म्हणाले, "खात्रीने नाही सांगता येणार. पण काका, उद्या या."

भानगड संध्याकाळी कळली. खालचा लघवीला गेला आणि परत येऊन बघतो तर वरचा गाल फुगवून दाराकडे डोळे लावून बसलेला.

"किती वेळ धरलंय?"

"तुम्ही गेल्यापासून!" वहिनी कपाळाला हात लावून म्हणाली. "मी हात करून दाखवला, तर मान हलवून नाही म्हणतात."

"कसा केलात?"

वहिनीने करून दाखवला.

"अहो वहिनी, तुम्ही त्याला माल रस्त्यापलीकडे टाकायला सांगताय. कसा गिळेल?"

त्याने नीट इशारा दिला. वरच्याने गिळलं आणि एक सुस्कारा सोडला.

बाई मात्र काळजीत पडली. "घरी गेल्यावर काय काका? घासाघासाला तुम्ही उभे राहणार?"

घरी जाताना खालच्याची चाल बदललेली होती. सकाळ-दुपार-संध्याकाळ, घास संपेपर्यंत उभं राहायचं. म्हणजे चांगली पूर्ण पाळी झाली. बायकोने दारातच विचारलं, "एवढं काय हसू फुटतंय?"

"काम लागलंय," तो म्हणाला.

*

तपासणीच्या खोलीत एक्स-रेमुळे रोगी आणि औषध भरवणारी नर्स सोडून कुणाला थांबू देत नव्हते. खालच्याला जाड काचेच्या अलीकडे, पडद्यासमोर उभं केलं. डॉक्टर आणि बाई शेजारी. आत वरच्याच्या तोंडात चुन्यासारखं पांढरं औषध घातलं. खालच्याने बोट खाली केलं, तळहात धरला.

वरच्याने काचेकडे पाहिलं आणि तसाच बसून राहिला.

खालच्याने कोपर आणखी ताणलं. घामाची धार कानामागून उतरली. आत गाल फुगलेले ते फुगलेलेच. शेवटी थोडं औषध हनुवटीवरून ओघळलं आणि उरलेलं त्याने भांड्यात थुंकलं.

"गिळत नाहीयेत," डॉक्टर म्हणाले. "उद्या एकदा बघू. नाही तर पोटातून नळी. वाट बघण्यात अर्थ नाही."

खोलीत परतल्यावर वरचा पलंगावर बसला. खालचा त्याच्यासमोर उभा राहिला. जन्मात जे झालं नव्हतं ते झालं. दोघं भांडले.

"मी इशारा दिला होता!"

"दिसला नाही. काच चमकत होती."

"हात खांद्यातून निखळायला आला माझा."

"दिसला नाही तर थांबायचं. तूच म्हणायचास."

"यार्डात थांबायचं. इथे पोटाला भोक पाडतायत!"

"यार्डात तरी कुठे नीट द्यायचास? पाठीला खाज सुटली की हात हलवायचास, मी चुंबक सोडायचो आणि शिव्या मला."

"खाज? माझ्या जेवणाच्या डब्यावर बॉयलर ठेवलास ते कुणाच्या खाजेने?"

"तू 'हळू उतरव' म्हणालास. मी हळूच उतरवला."

"डब्यावर!"

"डबा तिथे ठेवला कुणी?"

वहिनी एकाकडून दुसऱ्याकडे बघत राहिली. तिच्या नवऱ्याला एवढं सलग बोलताना तिने तो लग्नाआधी मुलगी पाहायला आला तेव्हाही ऐकलं नव्हतं. बोलून बोलून वरच्याचा घसा कोरडा पडला. त्याने टेबलावरच्या वाटीतला दाट पाण्याचा चमचा स्वतःच उचलला, तोंडात घातला, हनुवटी खाली नेली, गिळला आणि म्हणाला, "आणि डबा जुनाच होता."

खालच्याने ते पाहिलं. त्याचा उजवा हात अर्धा वर आलेला होता. वरच्याच्या ते ध्यानातही नव्हतं. त्याचं सगळं लक्ष डब्यात होतं.

खालच्याने तो हात खाली घेतला. सावकाश, जसा कधी बॉयलर उतरवून घेतला असेल तसा. आणि पँटच्या खिशात घातला. दुसराही घातला.

"डबा नवा होता," तो म्हणाला.

वरच्याने चमचा उचलला, गिळला. "जुना! झाकण दोरीने बांधायचास!"

दारात बाई केव्हा येऊन उभी राहिली होती, कुणालाच कळलं नाही. तिने वहिनीला ओठांवर बोट ठेवून गप्प राहायला सांगितलं. खालच्याने तिच्याकडे एक नजर टाकली. दोन माणसांचं काम जमलं की बोलावं लागत नाही.

तो खुर्ची ओढून बसला आणि भांडण लांबवायला लागला. काम सोपं नव्हतं. हात खिशात दाबून धरायचे आणि डोक्यात जुन्या तक्रारी शोधायच्या. त्याच्याकडे तक्रारी थोड्याच होत्या. एकेक पुरवून वापरायची होती. वाटी रिकामी होईपर्यंत त्याने त्या पुरवल्या. बाहेर आल्यावर भिंतीला टेकला तेव्हा पाठ ओली होती, पाळी भरून आल्यासारखी.

"पूर्ण वाटी गेली," बाई म्हणाली. "इशाऱ्याशिवाय."

"हो," खालचा म्हणाला. "म्हणजे माझं काम संपलं."

"छे. उद्या पडद्यासमोर भांडायचं आहे."

*

दुसऱ्या दिवशी काचेच्या अलीकडे डॉक्टरांनी खालच्यापुढे माइक सरकवला. "बटण दाबून बोला. त्यांना आत ऐकू जातं. पण काका, हे कुठे सांगू नका."

वरच्याच्या तोंडात पांढरं औषध गेलं. त्याने काचेकडे मान वळवली. खालचा काचेपासून मुद्दाम लांब सरकला. हात दिसता कामा नये. बटण दाबलं.

"डब्याला कडी होती. दोरी मी कधी बांधली नाही."

आत वरच्याने डोळे वटारले. तोंड भरलेलं, उत्तर अडकलेलं. आणि तोंडात असताना बोलायचं नाही. त्याने हनुवटी खाली केली. पडद्यावर काळा दिसणारा औषधाचा ओघळ जिभेवरून मागे सरकला, वळणावर क्षणभर घुटमळला आणि मागच्या अन्ननळीतून सरळ खाली गेला. छातीची वाट कोरडी राहिली.

"हिरवी दोरी!" आतून आवाज आला. "मी वरून बघायचो!"

खालच्याने जन्मभर माल उतरताना पाहिला होता. इतका स्वच्छ उतरलेला त्याने पाहिला नव्हता. खिशातली बोटं आडवी व्हायला धडपडत होती, 'थांब, बसला जागेवर' सांगायला. त्याने ती मांडीवर दाबून धरली.

"पुढचा घास," डॉक्टर म्हणाले. "बोला."

"दोरी तुझ्या बुटाला होती."

ओघळ गेला. "डब्याला!"

"बॉयलर डावीकडे उतरवायचा होता."

ओघळ गेला. "उजवीकडे! तुझा हात उजवीकडे होता!"

दाट झालं, पातळ झालं, शेवटी बिस्किटाचा तुकडाही झाला. पातळाला एकदा थोडं अडखळलं, वरच्याने खाकरून परत गिळलं आणि राहिलेली शिवी पूर्ण केली. डॉक्टरांनी मशीन बंद केलं.

"पोटाची नळी रद्द. नाकातली दोन-चार दिवसांत काढू, पाणी अजून थोडे दिवस दाटच. व्यायाम चालू ठेवा," ते बाईला म्हणाले, आणि मग खालच्याला, "झालं काका. आता थांबवा भांडण."

वहिनी मागे उभी होती. ती डॉक्टरांच्या पाया पडायला गेली, ते मागे सरकले, आणि ती चुकून मशीनच्याच पाया पडली.

"एवढं एक बोलू द्या," खालचा म्हणाला.

त्याने बटण दाबलं. आत नुसती खरखर ऐकू जात असणार. वरचा हनुवटीवरचा चुना पुसत काचेकडे बघत होता.

"डब्यावर उतरवलास," खालचा म्हणाला, "पण हळू उतरवलास. आतलं अंडंसुद्धा फुटलं नव्हतं."

वरच्याच्या तोंडात आता काहीच नव्हतं. तरी त्याने आधी गिळलं. मग म्हणाला, "दोरी हिरवीच होती."